चाल : पारंपरिक

१२ जाने., रवि.
“कोणी विचारलं तर चाल पारंपरिक म्हणून सांग.” शाळेच्या स्पर्धेला निघताना माझ्या वेणीची रिबीन ओढत आई म्हणाली होती. मी तसंच सांगितलं. आज मुलुंडच्या हॉलमध्ये त्याच गाण्याआधी निवेदिकेनेही तेच. आधी कवीचं नाव, मग ‘चाल पारंपरिक’. कविता आईने दिवाळी अंकातून उतरवून घेतलेली, तेव्हा नवी कोरी. तिला परंपरेतली चाल कुठून असणार? कोणाला प्रश्न पडला नाही. मीही टाळ्या वाजवल्या. गाणारी अनघा, आईच्याच क्लासातली.

१३ जाने.
फोनवर केलेलं रेकॉर्डिंग आईला ऐकवलं. नाकात ऑक्सिजनची नळी, डोळे मिटलेले. चाल लावताना अंतऱ्यात ती भाकरी उलटायची, तेवढा वेळ गाणं गप्प. पुढे ती गप्प जागा चालीतच राहिली. अनघाने तिथे कीबोर्ड घातलाय. आईच्या कपाळाला आठी.
“तिथे थांबायचं असतं गं.”
“म्हणजे चाल तुझीच ना?”
“पारंपरिक आहे ती.” कूस बदलली.

१५ जाने.
अनघाला फोन. ती चांगली आहे, त्यामुळे भांडताही येईना. म्हणाली, ताई, अल्बममध्ये बाईंचं नाव आनंदाने घालते, पण बाईंनीच आम्हाला पारंपरिक म्हणून शिकवली. त्यांनी एकदा हो म्हणायला हवं. रविवारी भेटायला येते. त्यानंतर अल्बमचं कव्हर छापायला जाणार.

१६ जाने.
डॉक्टर म्हणाले, आता घरीच राहू द्या त्यांना. पुढचं मी विचारलं नाही.
संध्याकाळी आईला सरळच विचारलं. कोणाची भीती होती? बाबांची?
हसली, मग खोकला. “तुझे बाबा? बिचाऱ्यांना टाळसुद्धा तालात धरता यायचा नाही.”
मग दम खात खात : “पारंपरिक म्हटलं की कोणी चुका काढत नाही.”
एवढंच. मला कोणीतरी दुष्ट माणूस सापडायला हवा होता.
तिने लावलेल्या बाकीच्या चाली तिला आता आठवत नाहीत. मला दोनच येतात. त्यातली एक अर्धी.

१८ जाने., शनि.
आईची नखं कापली. बोटं कागदासारखी. मधेच तर्जनी माझ्या तळहातावर ठेका धरत होती, की नुसती थरथर, कळलं नाही. विचारलं असतं तर थांबली असती.
उद्या अनघा. त्याआधी सकाळी आईशी बोलणार आहे. नाहीच म्हणेल, माहीत आहे. तरी.
आई, चाल तुझी का, अनघा विचारेल. तू बोलू नकोस, दम लागतो. नुसती मान हलव.