बर्फाचा धवला

११ जानेवारी, रविवार

आत्या आज खोटं बोलली. माझ्यासमोर, रेकॉर्डर चालू असताना!

आरोही मॅडम सकाळी पुण्याहून आल्या. विद्यापीठात लग्नातल्या गाण्यांचा अभ्यास करतात. आमच्या आगरी लग्नांत धवलारीण लागते — देवांना आवतण द्यायचं, हळद लावायची, एकेका विधीला एकेक धवला गायचा. कडाव आणि आसपासच्या गावांत चाळीस वर्षं ते काम येसूआत्या करते. अक्षर एक येत नाही. धवले किती येतात ते तिलाही सांगता येणार नाही.

सात धवले गाऊन झाले. मग मॅडमनी विचारलं, "दुसरं कुणी गात नाही असं काही आहे तुमच्याकडे?" आत्या थांबली. माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. आणि सुरू केलं —

उत्तरंच्या देशी गं नदी गोठली
नदीच्या पोटात गं राणी लोटली

मी चहाचे कप उचलत होते. खाली ठेवले.

बर्फाचा राजा राणीला नदीखाली नेतो. तिची लहान लेक शोधायला निघते. वाटेत तीन दरवाजे — लोखंडाचा, तांब्याचा, चांदीचा. पहिल्यावर लाल बूट काढून द्यायचे, दुसऱ्यावर वेणी, तिसऱ्यावर स्वतःचं नाव. शेवटी लेकीच्या हाकेनं बर्फ फुटतो आणि राणी बाहेर येते —

केस वले, पाय वले, उभी राहिली दारी
पुसते लेकीला गं, जेवलीस का पोरी

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. "हा कुठला, येसूबाई?"

"जुना हाय. आमच्यातलाच."

जुना नाही. आमच्यातला तर नाहीच. ती रशियन कविता आहे. मीच तिला वाचून दाखवली होती.

१२ जानेवारी

अकरा प्रेशर गेज तपासले. दोन नापास. गेजवर माझी सही हवी असेल तर ते कशाशी ताडून पाहिलं, ते माप पुन्हा कशाशी ताडलं होतं, थेट मूळ मापापर्यंतची साखळी कागदावर दिसली पाहिजे. नाहीतर सही नाही. खालापूरच्या या कारखान्यात पाच वर्षं हेच करते. आणि घरी?

१४ जानेवारी, बुधवार

खरं काय ते एकदा नीट लिहून ठेवते.

मी नऊ वर्षांची असताना आई गेली. तापानं, चार दिवसांत. आत्या नवरा गेल्यावर माहेरी, आमच्याकडेच राहायला आलेली होती. ती माझ्या खोलीत झोपायला लागली. बस, एवढंच ठरलं.

त्याच वर्षी शाळेचं कपाट साफ करताना गुरुजींनी मला एक पुस्तक दिलं. कव्हर नाही. जाड गुळगुळीत कागद, निळ्या बर्फाची चित्रं. पहिल्या पानावर वरती बारीक अक्षरांत 'रशियन काव्यकथा', आणि खाली थेट गोष्ट. मराठीत, यमकं जुळवलेली. कवीचं नाव कव्हरबरोबर गेलेलं.

दुपारी आत्या सुपात तांदूळ निवडायची, मी वाचायचे. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं, बिचारीला वाचता येत नाही, म्हणून मी तिच्यावर उपकार करते आहे! तिला ते पाठ झालंय, तिनं त्याला धवल्याची चाल लावलीय — काही पत्ता नव्हता. रविवारपर्यंत मी तो एकदाही ऐकला नव्हता.

१७ जानेवारी, शनिवार

मॅडमचा फोन. एक फेब्रुवारीला कर्जतला कार्यक्रम, आत्याचा सत्कार. "बर्फाच्या धवल्यावर मी निबंध लिहितेय. दोनशे वर्षं तरी जुना असावा. कोकणातल्या गाण्यात बर्फ कुठून आला, हा केवढा प्रश्न आहे बघा!"

मी "हो" म्हणाले. हो कशाला!

आत्यानं ट्रंकेतलं हिरवं लुगडं उन्हात टाकलंय. बाबांना तीनदा सांगून झालं, "पदू, त्या दिवशी दुधाचा टेंपो दुसऱ्याला दे. तू पुढं बसायचा."

२० जानेवारी

संध्याकाळी आत्याला स्कूटीवरून एका हळदीला नेलं. मांडवात पळसदरीची मोतीबाई होती, पाहुणी म्हणून आलेली. तीही धवलारीण. आत्याहून मोठी, आणि ते विसरू देत नाही.

"काय गं येसू, सत्कार म्हनं! बर्फाचा धवला! आपल्याकडं बर्फ दिसतो तो मासलीवालीच्या पेटीत."

बायका हसल्या. आत्याही हसली.

"माझ्या आयशीनं जलमभर धवले गायले, तिला कुठं भेटला नाय तुझा राजा. एक तारखेला मी येनार हाय. भर सभेत इचारीन, कुठनं आनला तो."

"ये की. पुढची खुर्ची ठेवते तुला."

आवाज नेहमीसारखा. पण येताना स्कूटीवर तिनं माझा खांदा घट्ट धरला होता. एरवी ती मागचा दांडा धरते.

चाळीस वर्षांत तिच्या गाण्याला कुणी खोटं म्हटलेलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार

माळ्यावरून पुस्तक काढलं. मॅडमनी पाठवलेलं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावून ओळ न् ओळ ताडली. काय ते नक्की कळायला हवं.

धवल्याच्या ओळी २१२. पुस्तकाशी जुळणाऱ्या १७१ — शब्द आत्याचे, क्रम पुस्तकाचा. मुद्दाम बदललेल्या ९: अस्वलाचं रानडुक्कर झालं, काळ्या पावाची तांदळाची भाकरी झाली. राहिल्या ३२.

त्या ३२ पुस्तकात नाहीत.

पुस्तक शेहेचाळिसाव्या पानावर संपतं. पुढची पानं फाटलेली आहेत, शिवणीत कागदाचे तुकडे अजून दिसतात. मुलगी बर्फावर ओणवी होते, खाली आईचा चेहरा दिसतो, ती हाक मारते. खलास.

ते शेवटचं पान पुन्हा उघडलं. मग आठवलं. आत्या सूप थांबवून म्हणाली होती, "मग? पुढं?" आणि मी शेहेचाळिसाव्या पानाकडे बघत पुढचं वाचलं होतं. वाचलं म्हणजे — केलं. बर्फ फोडला. राणीला बाहेर काढलं. 'जेवलीस का' हे माझं आहे. मी शाळेतून आले की आई पायरीवरच विचारायची.

दोन आठवडे मनातल्या मनात आत्याला नापास करत होते. पहिलं खोटं रीडिंग माझं.

२५ जानेवारी, रविवार

सांगितलं तिला. ती अंगणात वाल सोलत होती.

"आत्या, त्या पुस्तकाला शेवट नव्हता. मी मनानं सांगितला होता."

"ठावं हाय."

"कसं?"

"पान नाय उलटलंस. एका पानात येवडी मोठी गोष्ट बसते व्हय? अक्षर येत नाय मला. पान कलतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं व्हतं? बरा शेवट व्हता."

शेंगा सोलत सोलतच बाकीचं सांगितलं. ती हा धवला फक्त एका वेळी गाते — नवरीला आई नसेल तेव्हा, हळदीला. एरवी नाही. आजवर अकरा पोरींना गायला. नेरळची एक पोर हळदीनं माखलेल्या हातांनी तिच्या गळ्यात पडून म्हणाली होती, "अजून एकदा म्हना." मी आसपास असले की मात्र कधी गायली नाही.

"का?"

"तुझ्या हळदीला ठेवला व्हता. आधीच कानावर पडला तं मग काय राह्यलं?"

"मग मॅडमसमोर कसा गायलीस?"

"तू लगीन करशील तवा करशील! माझा गला तवर टिकंल का?" आणि स्वतःच हसली.

मी हसले नाही. विचारलं, "मग जुना आहे असं का सांगितलंस त्यांना?"

आता तिचे हात थांबले.

"पुस्तकातला म्हटलं तर इचारतील कुनाचं पुस्तक. कुनी वाचलं. ती पोर कोन, तिची आई कवा गेली, कशी गेली. त्या मशिनीसमोर बसवतील तुला. तुला आवडतं का कुनी इचारलेलं?"

नाही आवडत.

अठरा वर्षं झाली, पण मला आई नाही हे कारखान्यात कुणाला माहीत नाही, कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी स्वभावानेच अशी. माझ्याभोवती कुणी कुंपण धरून उभं आहे हे कधी दिसलंच नाही.

वाल सोलायला बसले. तिच्याइतक्या वेगानं जमत नाही.

२७ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. आकड्यांसकट. त्यांनी आकडे दोनदा विचारून लिहून घेतले. मग, "मी दोनशे वर्षं लिहून बसलेय हो!"

"सत्कार रद्द करणार का?"

"छे! अहो, पुस्तकातलं गाणं अठरा वर्षांत लग्नाच्या मांडवात उभं राहिलं. हे तर जास्त मोठं आहे." मग जरा हळू, "पण मोतीबाईंनी सभेत विचारलं तर कोण सांगणार? ते माझ्या तोंडून बरं नाही दिसणार."

"बघते," म्हणाले. गेज तपासून संपले तरी 'बघते'च्या पुढे गेले नव्हते.

१ फेब्रुवारी, रविवार

हॉल भरला होता. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांच्या शेजारी मोतीबाई!

शाल, नारळ झाले. आत्यानं बर्फाचा धवला गायला. शेवटच्या ओळीला कुणीतरी मागे हुंदका दिला. टाळ्या थांबायच्या आत मोतीबाई उभी.

"गला चांगला लागला, त्यात वाद नाय. पन येसू, कुठनं आनला तो सांग. आपला नाय हा."

आत्याच्या हातात माइक. "जुना..." एवढं म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर स्वतःची काळजी नव्हती. तिची मान अगदी बारीक हलली — तू बस.

मी उठले.

स्टेजवर गेल्यावर काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, कारण फार नव्हतं. "ही रशियातली कविता आहे. पुस्तक मला शाळेत मिळालं. माझी आई गेली होती. मी वाचायचे आणि आत्या ऐकायची. शेवटची पानं नव्हती, म्हणून राणीला परत मी आणलं, नऊ वर्षांची असताना. चाल आत्याची. ज्या पोरींना आई नाही त्यांना ती हा गाते. मला तिनंच वाढवलंय." सात-आठ वाक्यं. माइक आत्याला परत दिला.

मोतीबाई उभीच होती. मग म्हणाली, "मंग असं सांग ना गं! माझ्या आयशीला तरी देवानं कानात सांगितलं व्हतं का? तिलाबी कुनीतरी दिलेच असतील." आणि तिथूनच, अख्ख्या सभेसमोर, "येसू, माझ्याकडं या म्हयन्यात एक हळद हाय. पोरीला आई नाय. शिकवशील?"

"तुला? तुझा सूर लागायला म्हयना जाईल."

"आनि तुला माझ्या गावापर्यंत यायला भावाचा टेंपो लागतो, तवा बोलू नको."

सगळे हसले. बाबा हसत नव्हते. मान खाली घालून उजव्या हाताची नखं बघत होते. घरी येताना टेंपोत पुढे आम्ही तिघं. बाबा एकदाच बोलले, "ती मलाबी तेच इचारायची. जेवलास का." आई गेल्यापासून बाबा तिच्याबद्दल पहिल्यांदा बोलले.

२ फेब्रुवारी

आभार कसे मानतात ते मला येत नाही. रात्री आत्याच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढला. तिनं तो परत माझ्या ताटात टाकला.

८ फेब्रुवारी, रविवार

मोतीबाई आली. ओटीवर दोघी तीन तास. "तांब्याचा दरवाजा आधी नाय, लोखंडाचा आधी!" "तुझ्या राजाला एवढे दरवाजे कशाला गं? एकच लावायचा, कुलूप घालायचं!" मी चहा तीनदा केला. मोतीबाईचा आवाज आत्यापेक्षा जाड आहे. राणी बाहेर येते तिथे तोच चांगला लागतो, पण मी सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी

आरोही मॅडमना ओळखीच्या कुणीतरी मूळ कविता शोधून दिली, शेवटच्या पानांसकट. तिकडे शाळेत मुलं ती पाठ करतात म्हणे. मूळ कवितेत बर्फ फुटत नाही. मुलगी हाका मारत वसंतापर्यंत नदीवर बसते, आणि बर्फ वितळतो तेव्हा खाली नुसतं पाणी असतं. मॅडम विचारतात — 'धवल्याचा शेवट चुकीचा आहे' अशी टीप खाली घालायची का? तपासून सांगा.

तपासलं. कळवलं — घालू नका. शनिवारी पळसदरीला हळद आहे, आणि तिथे राणी बर्फातून बाहेर येणार आहे.