अक्काला वाचून दाखवलेला धडा

रविवार, १४ जुलै. आटपाडी

वाचून दाखवायला नको होतं का? घरबसल्या शिकायचा भूगोलाचा अभ्यासक्रम हौसेनं घेतला. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि निघालो थोरल्या बहिणीला शिकवायला!

धड्यात लिहिलंय, ढग सह्याद्रीला अडतात आणि महाबळेश्वराकडंच रिकामे होतात. आपल्याकडं येईपर्यंत त्यांच्यात पाणी उरत नाही. पहिल्यापासून असंच आहे.

अक्का पोरवयात विटाळ असताना देवळात गेली आणि त्या साली पाऊस आला नाही. सगळ्या गावानं दोष तिला दिला. आईनं मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी देवाला चालू दिलं नाही.

अक्का म्हणाली, “पुन्यांदा वाच रं.”

वाचलं. ढग रिकामे होतात.

“मग माज्यामुळं न्हवतं व्हय?”

“न्हाई गं अक्का.”

म्हणालो खरा. पण त्याच साली का आला नाही, ते धड्यात नाही. मला नीट समजलंय ना? अभ्यासक्रमाच्या सरांना फोन करावा का? चुकलं असेल तर तिला काय सांगू?

तिनं धड्याच्या पानावरून हात फिरवला. मग म्हणाली, “आई जित्ती हुती तवा का शिकला न्हाईस रं?”