वरच्या खोलीतली दुपार

प्रिय ठकू,

फोनवर मी हे दोनदा सांगायला घेतलं आणि दोन्ही वेळा तू "बाबा, मला निघायला हवं" म्हणून ठेवून दिलास. म्हणून शेवटी लिहायला बसलोय. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे, त्यामुळे सावकाश वाच, आणि अर्ध्यात घडी घालून बाजूला टाकू नकोस. तब्येतीची काळजी नको. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. पेट्रोल पंपावरून निवृत्त झाल्यापासून दुपारी घरी असायची सवय मात्र अजून अंगवळणी पडलेली नाही. इतकी वर्षं दुपारपाळी केली, त्यामुळे आपलं घर दुपारी कसं असतं हे मला माहीतच नव्हतं. तेच सांगायचंय, पण जरा दमानं.

तलावावर आता पूर्वीसारखी गर्दी होते. आपण भाड्यानं देतो त्या वरच्या दोन्ही खोल्यांना सुट्टीत मागणी असते. फाटकाशी तुझ्या आईनं लावलेली 'पाहुण्यांसाठी नियम' ही पाटी मी काढलेली नाही. लोक हसतात, तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. आत येताना नळावर हात धुवावेत. जिन्यात आणि व्हरांड्यात मास्क काढू नये. चादरी आपल्या हातानं पिशवीत भरून तोंड बांधावं. कुणाला ताप आला तर लगेच सांगावं आणि खोलीबाहेर पाऊल टाकू नये, जेवण स्टुलावर मिळेल. आठवतं ना, खोल्या पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली तेव्हा सरकारी पत्रकातले नियम कमी वाटले म्हणून तिनं त्यात स्वतःचे चार घातले होते. टीव्हीच्या रिमोटला तिनं प्लॅस्टिकचा रेनकोट चढवला होता. ताप बघायचं ते यंत्र ती बंदुकीसारखं कपाळावर रोखायची, आणि भलेभले साहेब हात वर करून उभे राहायचे. पाहुणे गेले की खोलीच्या खिडक्या सताड उघडून दिवसभर कुणाला आत जाऊ द्यायची नाही. मी एकदा विसरलेला चष्मा आणायला गेलो, तर मला मागच्या जिन्यावरून असं खाली हाकललंन की मागे राहणाऱ्या शिलाईवाल्या मावशी मशीन थांबवून हसत बसल्या होत्या.

मग तू आलीस. हॉस्पिटलच्या होस्टेलमध्ये जागा उरली नव्हती, तुझी तपासणी पॉझिटिव्ह आली होती, आणि आपल्याकडे वरची तळ्याकडची खोली स्वतंत्र, न्हाणीघरासकट. तू आईपेक्षा कडक. फाटकातूनच ओरडून सांगितलंस, "जिन्याच्या वळणाच्या वर कुणीही यायचं नाही. ताट वळणावर ठेवा आणि खाली गेल्यावर हाक मारा." आम्ही तसंच केलं. मी पंपावर जाताना खालून हाक मारायचो, तू खिडकीतून हात दाखवायचीस. पुढे ताप चढला तेव्हा हातही दाखवेनाशी झालीस. एका सकाळी तुझा फोन आला, जीभ जड झालेली, म्हणालीस, "बाबा, काल आई स्वप्नात आली होती. कपाळावर पट्ट्या ठेवत होती." मी आईला सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "तापात दिसतं काहीबाही," आणि पुढचं भांडं घेतलंन.

त्याच सुमाराला तिनं मला घराबाहेर काढलं. तुला हे मी कधी सांगितलं नाही. माझी गादी तिनं पुढच्या ओसरीवर टाकली, माझं ताट वेगळं केलं, घरातही मास्क लावून वावरू लागली. म्हणाली, "तुम्ही पंपावर दहा जणांत मिसळता." मला फार लागलं ते, ठकू. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर बायकोनं आपल्याला पाहुण्यासारखं ओसरीवर झोपवावं! मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. आणि मग तिलाच धाप लागली. गाडी आली, तिला हॉस्पिटलात घेऊन गेली, ती परत आलीच नाही, हे तू जाणतेस. आत कुणाला सोडत नव्हते. मी दारातल्या पहारेकऱ्यापाशी निरोप देत राहिलो, तो "सांगतो" म्हणत राहिला.

तेव्हापासून तू काय करतेस ते मला कळत नाही असं समजू नकोस. वॉर्ड सोडलास, प्रयोगशाळेच्या काउंटरवर बसतेस. हात धुऊन धुऊन भेगा पाडल्यास, हे मला तुझ्या मैत्रिणीनं सांगितलं. आणि दर फोनला फिरून फिरून तेच विचारतेस. बाबा, मी येताना कठड्याला हात लावला होता का? खिडकी कुठल्या बाजूची उघडी होती? ताट परत ठेवताना मी मास्क लावला होता ना? घरी मात्र येत नाहीस. मी तरी तुला काय सांगणार होतो? मला आपलं वाटायचं, तिनं म्हटलं तसंच असणार, पंपावरून आजार मीच घेऊन आलो. आपण दोघं एकच ओझं दोन टोकांना उचलून चाललो होतो आणि एकमेकांना दाखवत नव्हतो.

आता दुपारचं सांगतो. मी घरी राहायला लागल्यावर पहिल्यांदा ऐकलं. जेवणं उरकलेली, पाहुणे तळ्यावर गेलेले, मावशींचं मशीन बंद. आणि मागच्या लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. हळू, एकेका पायरीवर दम घेत. वर गेली, तळ्याकडच्या खोलीपाशी थांबली. मी मांजर असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या खोलीत उतरलेले एक म्हातारे मास्तर जाताना म्हणाले, "तुमच्याकडची बाई दुपारी दाराबाहेर येऊन उभी राहते. काही हवंय का म्हणून दार उघडलं की दिसत नाही." मी हसून वेळ मारून नेली. पण मग मी ती खोली शक्यतो कुणाला देईना.

गेल्या महिन्यात जमीन मोजणीच्या कामासाठी एक बाई आल्या. दुसरी खोली भरलेली होती, म्हणून तीच द्यावी लागली. उन्हात हिंडून त्यांना ताप भरला, आणि त्या दिवसभर पडून राहिल्या. संध्याकाळी मी चहा घेऊन गेलो, तर उठून बसल्या होत्या, तोंडावर तरतरी होती. म्हणाल्या, "काका, तुमच्या घरातल्यांना माझे आभार सांगा. दुपारभर उशाशी बसल्या होत्या. हात किती गार हो त्यांचा! पण आता कशाला लावतात त्या मास्क?" मी कप स्टुलावर ठेवला. घरात माझ्याशिवाय कुणी नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना सांगून काय करायचं? पण तुझा तो स्वप्नाचा फोन मला आठवला, आणि मी तसाच चपला घालून शिलाईवाल्या मावशींकडे गेलो. त्यांचं मशीन थेट आपल्या मागच्या जिन्यासमोर आहे.

मी फक्त एवढंच विचारलं, "मावशी, ती वर जायची का?" मावशींनी पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडल्या. म्हणाल्या, "रोज. तुम्ही पंपावर गेलात की. माझ्याकडून जुन्या रेनकोटाचा पायघोळ अंगरखा शिवून घेतला होता तिनं. तो चढवायची, मास्कवर मास्क लावायची आणि मागच्या जिन्यानं जायची. पोर तापात बडबडतेय, पाणी प्यायचीही शुद्ध नाही तिला, म्हणाली. मला शपथ घातली होती हो, पोरीला कळलं तर ती आतून कडी लावून घेईल म्हणून." मावशींनी तिला अडवलं होतं. म्हणाल्या, "मी विचारलं, अगं, फाटकावर एवढी पाटी लावलीस, आणि तूच? तर मला म्हणते, ते नियम पाहुण्यांसाठी आहेत. माझी मुलगी काय पाहुणी आहे?"

ठकू, मी तुला खोटा धीर देणार नाही. आजार तुझ्याकडूनच तिच्याकडे गेला. तू नर्स आहेस, हे तुला मी समजावून सांगायला नको. पण तू कठड्याला हात लावला नव्हतास, खिडकी बरोबर बाजूची उघडी होती, तुझ्याकडून काही म्हणजे काही चुकलं नाही. तू तो तिला दिला नाहीस. ती रोज जिना चढून त्याच्यापर्यंत गेली, पूर्ण शुद्धीत, अंगरखा शिवून घेऊन. आणि मला ओसरीवर काढलं ते मला वाचवायला, हे कळायला मला इतकी वर्षं लागली. आता त्या ओसरीवरून जाताना मान वर करवत नाही.

मावशींकडून आलो त्याच्या दुसऱ्या दुपारी मी वर जाऊन बसलो. पावलं आली, दारापाशी थांबली. मी उठलो नाही, जागेवरूनच म्हटलं, "अगं, पोर बरी झाली. केव्हाच बरी झाली." मग पावलं खाली गेली. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या दुपारी ती पुन्हा आली, आणि त्याच्या पुढच्याही. मग माझ्या लक्षात आलं. तिला गाडीत घातलं तेव्हा तू ग्लानीत होतीस. तुझा ताप उतरला त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या दारात जाऊन निरोप दिला होता, पण तो आत पोचला की नाही, देव जाणे. बहुतेक नाही पोचला. आणि माझ्या शब्दावर तिनं कधी विश्वास ठेवला होता, की आता ठेवेल? म्हणून हे पत्र. तू ये. घाबरू नकोस, मी खालीच असेन. फक्त एक दुपार त्या खोलीत थांब, आणि पावलं दाराशी आली की उठून दार उघड. तिला तू उभी दिसायला हवीस.

तुझाच,
बाबा