खालच्या पट्टीतलं तिसरं चित्र

चि. मेहुणेबुवा (वयाने लहान म्हणून चि., संगणकाच्या बाबतीत थोर म्हणून बुवा), अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर आता कशी आहे? माझी शाबूत आहे, बाकी काहीच नाही. फोनच केला असता, पण फोन बाहेरच्या खोलीत असतो आणि तुझी ताईही तिथेच असते.

तू बसवून दिलेल्या संगणकावर पडद्याच्या तळाशी चित्रांची पट्टी आहे. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर ताईला ती चित्रं नीट दिसत नाहीत, म्हणून ती डावीकडून मोजते. तिसरं दाबलं की लेक दिसते, रोज चारला. सगळं सुरळीत चाललं होतं. पण चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलेल्या माणसाला विस्कटलेली फळी बघवत नाही. सोमवारी ती भाजी आणायला गेली आणि मी चित्रं अकारविल्हे लावायला घेतली. तिसरं उचललं, ते मध्येच निसटलं आणि माझ्यादेखत नाहीसं झालं. बाकीची सरकून बसली, जणू ते कधी नव्हतंच. (दुकानात बाटली फुटली तर निदान काचा तरी उरायच्या.) शोधाशोधीत अख्खी पट्टी पडद्याच्या उजव्या कडेला उभी राहिली. तिला खाली आणेपर्यंत मी घामाघूम झालो.

आता तिसऱ्या जागी कॅमेरा आहे. ताई चारला केस विंचरून बसते, तिसरं दाबते, स्वतःचाच चेहरा येतो, आणि लेक फोन उचलेल म्हणून ती त्याच्याकडे बघत राहते. मागच्या आठवड्यात दोघींची वादावादी झाली होती, त्यामुळे तिला वाटतं लेक रुसली. लेकीला वाटत असणार आई रुसली. गेले तीन दिवस मी शेजारच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतो आहे (एकच पान). माझी मलाच लाज वाटते, पण तोंड उघडत नाही. 'कशाला हात लावू नका' हे ती मला लग्नापासून सांगत आली आहे.

तेव्हा हातातलं काम टाकून ये.

तुझा हताश
भावोजी

ता. क. खरं काम वेगळंच आहे. आलास की हे तुझ्याच हातून बिघडलं होतं असं सांग. तुझ्यावर ती रागावत नाही.

ता. क. २. वरचं खोडत नाही, पण आज चारला मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "सोमवारीच कळलं मला. स्वतःचा चेहरा ओळखू येतो अजून. पोरीला आधी काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून त्याच्यासमोर मनातल्या मनात बोलून बघत होते." तेव्हा ये, पण रविवारनंतर ये. तिचं अजून पाठ झालेलं नाही.