नुसती सही

१४ सप्टेंबर, रविवार

धाकट्या,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, खिडकीतल्या कुंडीत कळी धरली आहे. तुझं पत्र पोचलं. इतक्या वर्षांनी अक्षर पाहिलं. अजूनही ओळ सोडून पळतंय.

विचारतोस, ‘दादा, माझ्या पोरीच्या डोक्यात काय भरवलंस?’ सांगतो. पण म्हाताऱ्याला वळणावळणाने येऊ दे.

शाळेतली पाठांतराची स्पर्धा आठवते? दुसऱ्या कडव्यावर तू हमखास अडायचास. मी पडद्यामागून ओळ पुरवायचो. बक्षीस तू न्यायचास, टाळ्या मी वाजवायचो. त्यातही सुख होतं रे.

निवृत्त झाल्यापासून रविवारी वाचनालयात पोरांना पैशाचं शिकवतो. पहिल्या दिवशी हजेरीचा म्हणून कागद फिरवतो. कार्टी धडाधड सह्या ठोकतात. मग मी मोठ्याने वाचतो : ‘मी माझा फोन महिनाभर सरांना देत आहे.’ काय गलका!

‘सर, ही फसवणूक आहे!’

‘नाही बाळांनो, ही स्वस्तातली शिकवणी आहे.’

मग कार्डाचं. किमान रक्कम भरली की सुटलो असं वाटतं, उरलेल्यावर व्याज मात्र चढतच असतं. शेवटी जामीन. त्यासाठी दोन ओळी जुळवल्यात, पोरं चालीवर म्हणतात :

शाई वाळते क्षणात एका, सही न वाळे जन्मभरी;
वाचुन घ्यावे आधी सारे, मगच लेखणी धरा करी.

गेल्या वर्षी तुझी लेक वर्गात येऊन बसली. नाक थेट तुझ्या-माझ्या आईचं. मी कोण, तिला ठाऊक नव्हतं. घरात तू माझं नाव काढत नाहीस, ते उपयोगी पडलं. तिला पुढच्या बाकावर बसवलं. मुद्दाम.

आता ती अठराची झाली आणि तू कर्जाचा कागद पुढे केलास. तूच लिहितोस, तिने विचारलं, ‘बाबा, तुम्ही हप्ते थकवलेत तर कोण भरणार?’ तू म्हणालास, ‘नुसती सही आहे गं.’ आणि तिने पेनाला टोपण लावलं. हे शिकवणाऱ्या सरांचं नाव तिने सांगितलं, तेव्हा तुला माझा पत्ता लागला.

ते टोपण माझं. ‘नुसती सही’ कानावर पडलं की पेनाला टोपण, हे मी वर्षभर घोकून घेतलं. बाकीचे धडे सगळ्यांसाठी होते. हा तुझ्यासाठी. ‘नुसती सही आहे रे दादा’, हे शब्द मी विसरेन असं वाटलं होतं तुला?

वसुलीवाले आले तेव्हा तुझा पत्ता नव्हता. त्यांनी तुझ्या वहिनीचं शिवणयंत्र उचललं. सुईखाली अर्धा सदरा होता. ती म्हणाली, ‘तेवढा काढून घेऊ द्या, भावजींचा आहे.’ त्यानंतर तिने कुणाचंच काही शिवलं नाही. गेली तीही तशीच.

सहीवाचून दुकान लिलावात जाईल, म्हणतोस. पोरीला समजाव, तुझं ऐकेल, म्हणतोस. ऐकेल. म्हणूनच सांगणार नाही. पडद्यामागे मी आजही उभा आहे, धाकट्या. फक्त या खेपेला ओळ तिला पुरवतोय.

सोबत सदरा पाठवतो आहे. एक बाही लागायची राहिली आहे. लिलावाच्या दिवशी घाल.

तुझा एकेकाळचा जामीनदार,
दादा