खोड आधी सांगायची

शनिशिंगणापूर,
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

प्रिय सृष्टी,

तू पाठवलेल्या फॉर्मचा फोटो मी तीन दिवस उघडून बघते आहे. तुझी स्वतःची पहिली गाडी, तिचा विमा, आणि त्यातला तो सातवा रकाना : याआधी तुमचा दावा कधी नाकारला गेला आहे का, असल्यास कशामुळे? त्याखाली तुझ्या बारीक अक्षरात तू लिहिलंस की हो, किल्ली गाडीत राहिली होती, चूक माझी. आणि खाली मला विचारलंस, "आई, असंच लिहू ना?" मार्चमध्ये घर सोडून गेलीस, त्यानंतर मला विचारलेला हा तुझा पहिला प्रश्न. मी तीनदा उत्तर टाइप केलं आणि तीनदा पुसलं. शेवटी आज कागद घेऊन बसले.

मी ज्यासाठी इथं आले तो आजीचा डोळा चांगला आहे. नगरला नेऊन मोतीबिंदू काढला, आता ती काळा गॉगल लावून उंबऱ्यावर बसते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला चपलांच्या आवाजावरून ओळखते. राममामा तिला हिरोईन म्हणाला, तर म्हणते, "मंग फोटू काढ की, नुस्ता बघतो काय." दुपारी जेवणं झाली की सगळं निवांत होतं. चौकटीतला पडदा फुगतो आणि बसतो. लांब कुठंतरी मळणीयंत्र चालू असतं, देवळाकडून भोंग्यावरचं काहीबाही येतं, आणि त्यातलं बाहेर काय वाजतंय आणि माझ्या झोपेत काय, हे मला कळेनासं होतं. परवा असाच डोळा लागला, तर आपली निळी गाडी घोडेगावच्या बाजारात उभी. भोवती म्हशी. आत कुणी नाही, चारही दारं सताड उघडी, आणि माणसं तिच्या चाकांवरून हात फिरवून दात बघावे तसं काहीतरी बघत होती. मी म्हणत होते, ही आमची आहे. पण माझा आवाज कुणाला ऐकूच जात नव्हता.

त्या गाडीच्या विम्याचे कागद आपण दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेऊन बसलो होतो, आठवतं? आयर्लंडला जाऊन दोन महिने झाले होते. नगरला विमा म्हणजे मला एवढंच ठाऊक होतं की पोलिसाने अडवलं तर डिकीतून काढून दाखवायचा, घडीवर फाटलेला एक कागद. तिथं सोळा पानं. 'एक्सेस' म्हणजे ते आपल्याला काहीतरी जास्तीचं देतात असं समजून मी खूश झाले, तर तू हसून सांगितलंस की नाही गं, नुकसानीचा पहिला वाटा आपणच सोसायचा, तो हा. दावा न करता गेलेली वर्षं तिथं जमेला धरतात, हेही तूच सांगितलंस. मग मी नगरमध्ये चालवलेली अकरा वर्षं? सावेडीचे खड्डे, माळीवाड्याची गर्दी, एकदाही कुणाला न धडकता? त्यांच्या लेखी शून्य. मला त्या दिवशी उगाच रडू आलं. बेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी आपल्याला नुकतंच जन्मल्यासारखं पहिल्यापासून मोजायला घेतं, तसं वाटलं. तू चहा केलास आणि माझ्या नावाखाली तुझं नाव चालक म्हणून लिहिलंस.

शेवटच्या पानावर मात्र तुझं इंग्रजीही अडलं होतं. तुम्हाला माहीत असलेली प्रत्येक गोष्ट सांगणं तुमचं कर्तव्य आहे, लपवलं तर करार मोडला. तू म्हणालीस, त्यांनी विचारलंच नाही तरी सांगायचं? आणि मला एकदम आजोबा आठवले होते. तू लहान होतीस, तुला त्यांचा बाजार आठवायचा नाही. घोडेगावला म्हैस विकायला न्यायचे तेव्हा गिऱ्हाइकाने भाव विचारायच्या आधी ते खोड सांगायचे. मी लहान असताना एकदा शेवगावचा माणूस एक देखणी म्हैस घ्यायला आला. आजोबा म्हणाले, "पान्हा चोरती ही. वासरू पुढ्यात नसलं तर दूध वर वढून धरती. बघा, जमत आसंल तर घ्या." गिऱ्हाईक निघून गेलं. मी चिडले, मला नवा फ्रॉक हवा होता. ते म्हणाले, "आज न्हाई सांगितलं तर उद्या ती खोड म्हशीची ऱ्हात न्हाई, आपली व्हती." ते मला तेव्हा कळलं नाही. त्या सोळा पानांसमोर कळलं, असं मला वाटलं.

काल आजीलाही मी विमा समजावून सांगितला. तिने गॉगल नीट बसवला. मग म्हणाली, "म्हंजी किल्ली इसरली तर न्हाई देनार. मानूस इसरनारच न्हाई, तर त्येला इमा कशाला लागतोय?" मला हसू आलं आणि मग येईना. कारण त्यापुढचं तिला सांगायचं होतं आणि माझी जीभ उचलेना.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. मी या घरात वाढले. इथं कुणाच्याच घराला दार नाही. कुत्रं शिरू नये म्हणून चौकटीला फळी टेकवायची, बस्स. लहानपणी रडायचं असलं तरी सगळ्यांदेखत रडायचं. लग्नानंतर नगरला दारं मिळाली, पण ती लावून बसलं की बाहेरून कुणीतरी विचारतंच, काय झालं? आयर्लंडला गेल्यावर मला आपल्या गाडीत बसायची सवय लागली. कामावरून आले, स्वयंपाक झाला, की दिवे लागायच्या सुमारास खाली जायचं, काचा वर करायच्या, किल्ली अर्धी फिरवून रेडिओ हळू लावायचा. त्या भाषेतलं मला निम्मंही कळायचं नाही, म्हणूनच बरं वाटायचं. काचेवर पाऊस भुरभुरायचा आणि मी एकटीच मोठ्याने बोलायचे. हाय, न्हाई, लई. नर्सिंगला गेल्यापासून तोंडातून गेलेली आमची बोली. आयुष्यात पहिल्यांदा एक दार माझ्यामागे लागलं होतं आणि ते का लागलं, हे कुणी विचारत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी तू लायब्ररीतून गाडी घेऊन आलीस. तू नेहमी बटण दोनदा दाबतेस आणि दोन्ही आवाज ऐकल्याशिवाय हलत नाहीस. ते दोन्ही आवाज मी स्वयंपाकघरात ऐकले. तू किल्ली खिळ्याला अडकवलीस, हेही पाहिलं. सकाळी गाडी नव्हती, खिळाही रिकामा होता. तू दप्तर पालथं केलंस, कोटाचे खिसे उलटे केलेस, आणि शेवटी म्हणालीस, मीच विसरले असेन. कंपनीच्या माणसाने फोनवर विचारलं, गाडी शेवटची कुणी चालवली? मी म्हणाले, माझ्या मुलीने. ते खरंच होतं, चालवली तूच होतीस. बाबा तुला म्हणाले, "ही आजोळची सवय इथं चालत नाही." तू मान खाली घातलीस. बाळा, तू आजोळी कधी आठ दिवस सलग राहिली नाहीस. ती सवय तुझी नव्हतीच.

त्या संध्याकाळी खिळ्यावरची किल्ली मी घेतली होती. रेडिओ ऐकला, तुझ्या आजीशी मनातल्या मनात बोलले, आणि उतरताना दार नुसतं लोटलं, इथं पडदा सोडतात तसं. किल्ली आतच राहिली. रिकाम्या जागेकडे बघताक्षणी मला कळलं होतं. आठ महिने मी पान्हा चोरून धरला, तोही वासरू पुढ्यात असताना. आज सकाळी आजीला सांगितलं, मग बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर एवढंच विचारलं, तिचं कॉलेज किती वाजता सुटतं? कंपनीलाही कळवलं आहे. गाडीचे पैसे ते देणार नाहीत, नकोतच. पण सातव्या रकान्यात तुझं लिहिलेलं खोड आणि असं लिही : हो, किल्ली आईने गाडीत ठेवली, आणि ती ते बोलली नाही. पुरावा मागतील तर हे पत्र जोड. एवढ्यासाठीच ते कागदावर लिहिलं, तारीख घातली, खाली पूर्ण नावाने सही करते आहे. मराठी येत नाही म्हणाले, तर तू वाचून दाखव.

तुझीच आई,
विजयमाला भागवत दरंदले