बाबांना पाठवलेल्या कॅप्सूल

मीरा रोड, १२ ऑगस्ट १९९३

चि. चंपा,

दादाचा आशीर्वाद. माझा घसा बराय. ताप तिसऱ्या दिवशीच उतरला, तरी डॉक्टरांनी सांगितलेले सातही दिवस कॅप्सूल घेतोय.

'बाबांना पाठवल्या होत्यास तशा उरलेल्या माझ्या बंटीच्या कानासाठी पाठव' असं तू लिहिलंस. उरल्या असत्या तरी पाठवल्या नसत्या. त्याला डॉक्टरकडेच ने.

बाबा हृदयाने गेले, असं तुम्ही सगळे म्हणता. पण पहिल्याच कॅप्सूलनंतर अर्ध्या तासात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकला, हे तूच सांगितलं होतंस. त्याच औषधासोबतचा कागद मी आता डिक्शनरी घेऊन वाचला. काहींना या औषधाने असंच होऊन जीवही जातो, असं त्यात लिहिलंय. पुडीवर 'दिवसातून तीन' मीच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.

बंटीच्या डॉक्टरांना हे सांग. आईला मी येऊन सांगेन. तिची झोप कशी आहे?

तुझा,
बबनदादा